थंडीतल्या ब्रूडिंगसाठी गरम हवेची भट्टी: क्षमता किती धरायची, कशी बांधायची?

कादवाकाठ

निफाडजवळ ३० × २०० फुटांची ब्रॉयलर शेड आहे, पक्षी ६,०००. ब्रूडिंग (लहान पिल्लांना सुरुवातीचे दिवस ऊब देणे) ३० × ७० फुटांत होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर ६ ते ८ अंश. सध्या २०० लिटरच्या बॅरलची भट्टी शेडच्या आतच आहे, धुराचा पाइप शेडमधून आडवा नेऊन टोकाला बाहेर काढला आहे. रात्रीत २५० किलोच्या आसपास सरपण जाते, तरी पहाटे चारला पिल्लांच्या उंचीवर २१-२२ अंशच मिळतात. बाजूला एकेरी पडदा, वर उघडा पत्रा.

आता भट्टी शेडबाहेर बसवून ब्लोअरने गरम हवा आत सोडायची आहे. द्राक्षाच्या छाटणीची काडी घरची भरपूर, कमी पडली तर ब्रिकेट (दाबून केलेल्या भुशाच्या कांड्या). एका फॅब्रिकेटरने ताशी १ लाख किलोकॅलरीची भट्टी सांगितली, दुसऱ्याने ५० हजारांची. शेड दोघांनीही मोजली नाही. नेमकी किती लागेल, आत काय काय हवे आणि काम कुठे फसते, हे जाणकारांनी सांगावे.

उष्मागणित

भाऊ, दोन्ही आकडे अंदाजपंचे आहेत. भट्टीचा आकार शेडमधून किती उष्णता बाहेर जाते त्यावर ठरतो, तेव्हा हिशेब तिथून धरू. आत ३२, बाहेर ६, म्हणजे २६ अंशांचा फरक.

आजच्या अवस्थेत, म्हणजे उघडा पत्रा आणि एकेरी पडदा असताना: पत्र्यातून दर चौरस मीटरला दर अंशामागे साधारण ७ वॅट जातात. ७० फुटांच्या भागावर २०० चौ.मी. पत्रा धरला तर ३६ किलोवॅट. पडदे आणि टोकाच्या बाजू मिळून ६ वॅटच्या हिशेबाने २० किलोवॅट. फटींतून तासाला चार वेळा हवा बदलते असे धरले तर आणखी २०. एकूण ७६ किलोवॅट, म्हणजे ६५ हजार किलोकॅलरी ताशी. वर थोडी राखीव क्षमता धरली की ८०-८२ हजार होतात. १ लाखाचा आकडा इथूनच आला असणार.

आता सात फुटांवर सीलिंगचा पडदा ताणा, बाजूला दुहेरी पडदा लावा (दोन पडद्यांत चार इंच मोकळी हवा राहिली पाहिजे, एकमेकांना चिकटलेले दोन पडदे एकेरीच्याच लायकीचे), आणि ७० फुटांवरचा आडवा पडदा तळाला, जमिनीवर अंथरलेल्या तुसात गाडा. मग सीलिंगमधून १९४ चौ.मी. × ३.५ × २६ = १७.६ किलोवॅट. बाजूंमधून १२७ चौ.मी. × ३.५ × २६ = ११.६. श्वासासाठी लागणारी ताजी हवा पहिल्या आठवड्याच्या शेवटी ताशी ८०० घनमीटर धरली तर ७ किलोवॅट. बेरीज ३६ किलोवॅट, ३१ हजार किलोकॅलरी. पाव भाग राखीव धरून ४५ किलोवॅट, म्हणजे ४० हजारांची भट्टी पुरे.

पडद्यांवर केलेला खर्च भट्टीच्या आकारात आणि रोजच्या सरपणात, दोन्हीकडे परत मिळतो. म्हणून आधी पडदे, मग भट्टी. उलट क्रमाने केले तर १ लाखाची भट्टी घ्याल, पुढच्या वर्षी पडदे लावाल आणि ती भट्टी अर्ध्या ताकदीवर धुमसत बसेल. लाकडाची भट्टी हवा बंद करून धुमसवली की धुरातले डांबर नळ्यांच्या आत बसते. मोठी भट्टी घेऊन कमी जाळू, हे गणित लाकडाला चालत नाही.

जळण: १५ टक्के ओलाव्याची काडी किलोला ३,६०० किलोकॅलरीच्या आसपास देते, ४५ टक्के ओलाव्याची जेमतेम २,१५०. ६५ टक्के कार्यक्षमता आणि बारा तासांत सरासरी पाऊणपट भार धरला तर रात्रीला १२० ते १२५ किलो कोरडी काडी लागेल. आजच्या अर्धी, आणि तीही ३२ अंश ठेवून. गॅसशी ताडून पाहायचे तर एवढ्याच उष्णतेला रात्रीला २५ किलो एलपीजी लागतो, म्हणजे १९ किलोचा व्यापारी सिलेंडर सव्वाहून थोडा जास्त.

ब्लोअर: शेडमधून ३० अंशांची हवा घेऊन ६५ अंशांवर परत सोडायची, म्हणजे ३५ अंशांची वाढ. ४५ किलोवॅटला ताशी ४,३०० घनमीटर, सुमारे २,५०० सीएफएम (मिनिटाला घनफूट). दाब २५ ते ३० मिमी पाणी. १ एचपीचा सेंट्रिफ्युगल ब्लोअर घ्या. पंख्याच्या पात्यांचा अ‍ॅक्सियल फॅन एवढ्या दाबाला हवा ढकलत नाही, नुसता आवाज करतो.

सातपूर_शॉप

वरचा हिशेब बरोबर आहे. आता लोखंडाचे काम सांगतो, कारण नेमके तिथे पैसे वाया जातात.

आग पेटते तो कप्पा आतून २ × २ फूट, उंची अडीच फूट. खाली बिडाची जाळी १४ × १८ इंच. तासाला १६-१७ किलो जळायला एवढी जाळी पुरते, याहून मोठी केली की जळण विरळ पसरते आणि मधून थंड हवा सरळ वर निघून जाते. चारही बाजूंना साडेचार इंची फायरब्रिक, सांधे फायरक्लेने, जास्तीत जास्त २-३ मिमी जाड. सिमेंटचा सांधा पहिल्याच आठवड्यात भुरभुरतो. विटा फक्त पत्रा वाचवायला लावत नाहीत. लाकडाच्या वजनाचा पाऊण भाग वायू होऊन जळतो आणि त्या वायूला जळताना ७५० अंशांच्या वर तापमान हवे. नुसत्या पत्र्याच्या थंड भिंतीला ज्योत लागली की ती विझते आणि काजळी होऊन नळ्यांत बसते. तुमच्या बॅरलमध्ये हेच चालले आहे.

हवा दोन ठिकाणी द्या. जाळीखालून साधारण ३५ ते ४० टक्के, उरलेली ज्योतीच्या वर. त्यासाठी मागच्या आणि बाजूच्या भिंतींत जाळीपासून १४ इंच वर अर्ध्या इंचाची भोके दोन ओळींत पाडा आणि त्यांना वेगळी झडप द्या. दारातून येणाऱ्या हवेवर विसंबू नका.

नळ्या (आतून धूर जातो, बाहेरून भट्टीच्या कवचात शेडची हवा तापते): अडीच इंची, ३.२ मिमी जाड बॉयलर ट्यूब, चार फूट लांब, ३० नग. क्षेत्रफळ ७.२ चौ.मी. होते. पण या तिसाही नळ्यांतून धूर एकदम सोडू नका. पंधरा नळ्यांतून वर, डोक्यावरच्या पेटीत वळवून उरलेल्या पंधरांतून खाली, अशा दोन फेऱ्या करा. एकाच फेरीत तीस नळ्या दिल्या की धुराचा वेग सेकंदाला सव्वा मीटरवर येतो, नळीच्या मधोमध गरम धूर तसाच सरकत जातो आणि कडेचा थर थंड होऊन ब्लँकेटसारखा बसतो. नळ्या वाढवल्या की उष्णता वाढते, ही समजूत इथे उलटते. दुसऱ्या फेरीच्या नळ्यांत दीड इंची पट्टी पिळून घाला, दर सहा इंचाला एक पीळ. धूर भिंतीला घासत जातो. पहिल्या फेरीत पट्टी नको, तिथे ती जळते आणि चिमणीच्या ओढीलाही जड जाते. पट्टी वरून काढता आली पाहिजे, कारण दर चार दिवसांनी नळीला ब्रश मारायचा आहे. वरच्या पेटीचे झाकण नट-बोल्टने बसवा, वेल्ड करू नका.

सगळ्यांत जास्त भट्ट्या फुटतात त्या नळीच्या तोंडच्या वेल्डला. चार फुटांची नळी तापल्यावर बाहेरच्या कवचापेक्षा चार मिलिमीटरच्या आसपास जास्त वाढते. दोन्ही टोके कवचाला घट्ट जोडली तर ते चार मिलिमीटर जाणार कुठे? वेल्डला बारीक चीर पडते. बाहेरून ती दिसत नाही, आणि तिथून धूर शेडच्या हवेत मिसळतो. म्हणून नळ्यांची खालची प्लेट पक्की आणि वरची मोकळी ठेवा. वरच्या प्लेटची कड कवचाच्या पट्टीवर सिरॅमिक दोरीच्या बसणीवर नुसती टेकू द्या. पहिल्या फेरीची खालची प्लेट १० मिमी जाड घ्या, ज्योत सरळ तिच्यावर येते. जमले तर ती एसएस ३१० (जास्त उष्णता सोसणारे स्टेनलेस स्टील) मध्ये करा, साध्या लोखंडाची पापुद्रे सुटून झिजते.

चिमणी ८ इंची, जमिनीपासून २० फूट, शेडच्या कळसापेक्षा किमान ३ फूट वर. तोंडाला ठिणगी अडवणारी जाळी. धुराचे तापमान चिमणीच्या बुडाशी १६० ते २०० अंश ठेवायचे. ४०० अंशांचा धूर सोडलात तर जळणाचा ३० टक्के भाग आकाशात जातो, १८० ला तो १२ टक्क्यांवर येतो. पण १२० च्या खालीही नेऊ नका, धुरातले पाणी आणि डांबर चिमणीत गळते. तिथे एक साधा डायल थर्मामीटर बसवा. तोच भट्टीची तब्येत सांगतो: एकाच झडपेवर तापमान दर दिवशी पाच-दहा अंशांनी चढत असेल तर नळ्यांत काजळी साचते आहे.

कवचाला बाहेरून ५० मिमी रॉकवूल आणि वर पत्रा. भट्टीपासून शेडपर्यंतच्या डक्टलाही तेवढेच.

उष्मागणित

एक गोष्ट सातपूरभाऊंच्या लिहिण्यात गृहीत आहे, ती मोठ्याने सांगायला हवी: ब्लोअर भट्टीच्या आधी बसवायचा. ब्लोअरने हवा कवचात ढकलली की कवचात दाब जास्त आणि चिमणीच्या ओढीमुळे आगीच्या बाजूला दाब कमी. मग चीर पडली तरी स्वच्छ हवा आगीत शिरते, धूर शेडकडे येत नाही. ब्लोअर भट्टीच्या नंतर लावून हवा ओढून घेतली की हे उलटते. तीच चीर मग कार्बन मोनॉक्साइड थेट पिल्लांवर आणि आत झोपणाऱ्या माणसावर सोडते. त्या वायूला वास नाही, रंग नाही. बाजारात दोन्ही मांडण्या मिळतात आणि बाहेरून सारख्याच दिसतात.

नवी भट्टी उतरवून घेताना आणि पुढे पिल्लांच्या दर लॉटच्या (तुकडीच्या) आधी ही चाचणी करा. भट्टी गार. चिमणीचे तोंड गोणपाटाने बंद. जाळीखालची आणि वरची झडप बंद. ब्लोअर चालू. आता आगीचे दार बोटभर उघडून फटीशी उदबत्ती धरा. धूर सरळ वर गेला तर भट्टी शाबूत आहे. धूर बाहेरच्या बाजूला फेकला गेला तर कवचातली हवा आगीच्या कप्प्यात शिरते आहे, म्हणजे चीर आहे. पाच मिनिटांचे काम. चाचणी झाली की गोणपाट आठवणीने काढा.

पिल्लूवैद्य

शेडच्या आतले थोडे.

शेडमधून परत येणाऱ्या हवेत पिसांची लव आणि तुसाची धूळ असते. परतीच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी दुहेरी लावा आणि रोज सकाळी झटका. ती बुजली की हवेचा प्रवाह घटतो, नळ्या तापतात आणि लव करपल्याचा वास शेडभर होतो.

नुसती आतलीच हवा फिरवू नका. ब्लोअरच्या ओढीत पाचवा भाग ताजी बाहेरची हवा घ्या, म्हणजे ५०० सीएफएम. तेवढ्याने शेडमध्ये किंचित जास्त दाब राहतो आणि फटींतून गार झोत आत येण्याऐवजी हवा बाहेर जाते. थंडीच्या भीतीने सगळे बंद केले की चौथ्या दिवसापासून डोळे चुरचुरायला लागतात. तो अमोनिया. माणसाला जाणवला म्हणजे पिल्लांना केव्हाचाच जास्त झालेला असतो.

भट्टीला स्वतःची खोली द्या, खोलीला बाहेरची जाळीची खिडकी द्या, आणि परतीचा डक्ट त्या खोलीतून नेताना सगळे सांधे टेपने बंद करा. त्या डक्टमध्ये ओढ असते. आगीचे दार उघडल्यावर निघालेला धूर सैल सांध्यातून सरळ ब्लोअरमध्ये जातो. भट्टी कितीही चांगली बांधा, हा धूर शेडमध्ये पोचतोच.

तापमान पहिल्या तीन दिवसांना ३२-३३, मग रोज अर्धा अंश कमी.

कादवाकाठ

पडद्यांचे पटले, आधी तेच करतो. तीन शंका. एक: रात्री लाइट गेली की ब्लोअर थांबणार आणि आग चालूच, तेव्हा काय? दोन: काडी पातळ, भसकन पेटते आणि पंधरा मिनिटांत संपते. तीन: शेडच्या आत डक्ट कसला घ्यायचा? पॉलिथिनचा पाइप स्वस्त पडतो.

सातपूर_शॉप

लाइटचे आधी. ब्लोअर थांबल्यावर नळ्या लाल व्हायला फार वेळ लागत नाही. दोन गोष्टी बसवा. जाळीखालच्या हवेची झडप सोलेनॉइडवर टांगा: वीज आहे तोवर उघडी, वीज गेली की स्वतःच्या वजनाने पडून बंद. आणि कवचाच्या माथ्यावर एक फुटाची चौकोनी झडप विद्युतचुंबकाने धरून ठेवा, वीज गेली की ती वजनाच्या लिव्हरने उघडते आणि कोंडलेली उष्णता वर निघून जाते. याउपर शेडला उष्णता हवीच असेल तर जनरेटर किंवा ३ केव्हीएचा इन्व्हर्टर. १ एचपी मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे घरच्या पंखे-दिव्यांच्या इन्व्हर्टरवर ती उचलणार नाही. मोटर सिंगल-फेजच घ्या, शेतीच्या थ्री-फेज लाइनच्या पाळ्यांवर पिल्ले ठेवता येत नाहीत.

शेडचा थर्मोस्टॅट ब्लोअरला जोडू नका, याच जाळीखालच्या झडपेला जोडा. शेड तापली की आगीची हवा कमी व्हावी, ब्लोअर फिरत राहावा. ब्लोअरला वेगळा थर्मोस्टॅट कवचाच्या तोंडाशी: ४५ अंशांना चालू, ३८ ला बंद. आणि ९० ला घंटा वाजवणारा एक.

काडीचे: सुटी टाकू नका. फूटभर लांब तोडून मनगटापेक्षा दुप्पट जाड मोळ्या काथ्याने घट्ट बांधा. सुटी काडी एकदम वायू सोडते, तेवढ्या क्षणाला वरची हवा पुरत नाही आणि चिमणीतून काळा धूर येतो. काळा धूर म्हणजे न जळलेले जळण. मोळी बाहेरून आत जळत जाते. रात्री बारानंतर मोळ्यांसोबत बाभळीचे ओंडके किंवा ब्रिकेट निम्म्याने टाका, निखारा टिकतो आणि दर वीस मिनिटांऐवजी तासाने दार उघडावे लागते. ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांदीला) बांधलेली प्लास्टिकची पट्टी आणि तारेचे तुकडे आधी वेचून काढा. तार जाळीत अडकते, प्लास्टिकचा धूर नळ्या खातो.

उष्मागणित

काडीच्या ओलाव्याबद्दल आणखी. ऑक्टोबर छाटणीची काडी डिसेंबरात जाळायला घेतात, ती आत ओली असते. एप्रिलच्या खरड छाटणीची काडी उन्हाळाभर वाळवून मृगाच्या आधी पत्र्याखाली घाला, डिसेंबरला तीच वापरा. ऑक्टोबरची पुढच्या वर्षाला. शंका असेल तर १ किलो काडीचे तुकडे करून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा. ८५० ग्रॅम उरले तर ओलावा १५ टक्के. ७०० उरले तर अजून थांबा. राख मात्र शेडच्या तुसात मिसळू नका, बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे) तांबे त्यात उतरलेले असते.

डक्ट: पॉलिथिन ६५ अंशांना मऊ पडून लोंबते आणि भोकांच्या कडा फाटतात. भट्टीकडचे पहिले १२ फूट जीआय (जस्ताचा लेप दिलेल्या) पत्र्याचे, पुढे लेप दिलेल्या जाड कापडाचा, २० इंच व्यासाचा, सीलिंगच्या खाली शेडच्या मधोमध. शेवटचे टोक बंद. भोके २ इंची, एकूण १००, दोन्ही बाजूंना ५० प्रमाणे, म्हणजे १७-१७ इंचांवर एक. सगळ्या भोकांचे क्षेत्रफळ मिळून डक्टच्या तोंडाएवढेच ठेवायचे. जास्त भोके पाडली तर डक्टमध्ये दाब उरत नाही, हवा सारखी वाटली जात नाही आणि एका टोकाची पिल्ले तापतात, दुसऱ्या टोकाची गारठतात. भोकांचे तोंड आडवे किंवा किंचित वर करा, खाली कधीच नको. ६५ अंशांचा झोत सरळ पिल्लावर पडला तर त्याचे पाय कोरडे पडतात आणि भोवतीचे तूस भुकटी होते.

पिल्लूवैद्य

थर्मोस्टॅटचा सेन्सर कुठे टांगता त्यावर बाकी सगळे अवलंबून आहे. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तुसापासून दोन-तीन इंच वर, डक्टच्या भोकांच्या सरळ रेषेत नाही, आणि ७० फुटांपैकी भट्टीपासून दूरच्या तिसऱ्या भागात. सोयीचा म्हणून पाच फुटांवर खांबाला लावला तर तो सीलिंगखालची गरम हवा मोजतो. तिथे ३२ दिसते तेव्हा जमिनीवर पाच-सहा अंश कमी असू शकतात. पहिल्या रात्री दोन टोकांना आणि मध्ये एकेक साधा थर्मामीटर तुसावर ठेवून तिन्ही आकडे ताडून पाहा. फरक दोन अंशांपेक्षा जास्त निघाला तर गार टोकाची भोके कात्रीने थोडी मोठी करा, गरम टोकाची काही टेपने बुजवा. पिल्ले सोडायच्या २४ तास आधी भट्टी पेटवा, नुसती हवा तापून भागत नाही. तुसाखालची जमीनही ३० अंशांवर यायला तेवढा वेळ लागतो.